पी-व्हॉल्व्ह संपला तेव्हा: आयसिनची आग आणि टोयोटाचे व्हेंडर

शनिवार, १ फेब्रुवारी १९९७. पहाटे ४ वाजून १८ मिनिटांनी जपानच्या आइची प्रांतातल्या कारिया शहरात टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिन सेइकी कंपनीच्या एक नंबरच्या प्लँटला आग लागली. सकाळी नऊच्या आत ब्रेकच्या सुट्या भागांच्या जवळपास सगळ्या लाइन खाक झाल्या होत्या. पाचशेहून अधिक मशीन गेली. या प्लँटमधून रोज ३२,५०० पी-व्हॉल्व्ह, म्हणजे मागच्या ब्रेकचा दाब आवरणारे भाग, बाहेर पडत, आणि टोयोटाला लागणाऱ्या पी-व्हॉल्व्हपैकी ९९ टक्के याच एका छपराखाली बनत. टोयोटाच्या हाताशी साठा होता दोन-तीन दिवसांचा.

मंगळवारी, ४ फेब्रुवारीला टोयोटाच्या जपानमधल्या ३० असेंब्ली लाइनपैकी २० थांबल्या. बुधवारपर्यंत जवळपास सगळ्याच बंद. दिवसाला साडेपंधरा हजार गाड्या काढणारी कंपनी एका ब्रेकच्या भागापायी शून्यावर आली. पण त्याच आठवड्यात गुरुवारी दोन प्लँट पुन्हा सुरू झाले. १० तारखेच्या सोमवारी उत्पादन दिवसाला चौदा हजारांच्या जवळ पोचलं आणि आणखी आठवड्याभरात पूर्ववत झालं. जळालेल्या लाइन मात्र तोवर उभ्या राहिल्या नव्हत्या. टोयोटाच्या गाड्यांत बसत होते ते व्हॉल्व्ह दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच मशीनवर केलेले होते.

सप्लाय चेन शिकवणाऱ्या वर्गात हे प्रकरण हमखास येतं आणि त्यातून सहसा दोनपैकी एक धडा निघतो. एक म्हणजे ‘जस्ट इन टाइम’, म्हणजे साठा न करता लागेल तेव्हाच माल मागवणं, धोक्याचं आहे, साठा ठेवा. दुसरा म्हणजे जपानी माणसं अडचणीत एकमेकांना धरून राहतात, आपल्याला ते जमायचं नाही. मला हे दोन्ही धडे अपुरे वाटतात, आणि दुसरा तर आपल्या सोयीचाही वाटतो. लाइन सात-आठ दिवसांत सावरली, कारण तो भाग करायचं ज्ञान आणि हात एका कंपनीपुरते नव्हते. ते शेकडो वर्कशॉपांत पसरलेले होते, आणि त्या वर्कशॉपांना एकमेकांची कामाची पद्धत आधीपासून ठाऊक होती. हे कसं झालं ते तपशिलात पाहायला हवं.

मुठीत मावणारा भाग

पी-व्हॉल्व्ह म्हणजे प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. गाडी जोरात ब्रेक मारून थांबवली की तिचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाकं हलकी होतात. अशा वेळी मागच्या ब्रेकला पुढच्याइतकाच तेलाचा दाब मिळाला, तर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी मागून फिरते. ते टाळायला हा व्हॉल्व्ह एका ठरावीक दाबापर्यंत मागच्या चाकांना पूर्ण दाब जाऊ देतो. त्यापुढे पाय कितीही जोरात दाबला तरी वाढीव दाबाचा ठरावीक हिस्साच मागे पोचतो. आत प्लंजर, स्प्रिंग, सील, आणि बाहेर मुठीत मावेल असा धातूचा ठोकळा. किंमत हजार येनच्या आसपास, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण तीनशे रुपये.

दिसायला साधा, पण करायला अवघड. ठोकळ्यात वेगवेगळ्या बाजूंनी भोकं पाडावी लागतात आणि ती आत एकमेकांना मिळतात. जिथे मिळतात तिथे बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कडा, राहते. ती नीट काढली नाही तर सुटलेला कण सीलखाली जाऊन बसतो, आणि मग व्हॉल्व्ह दाब धरत नाही. प्लंजर सरकतो तो बोअर गोल आणि गुळगुळीत हवा. तिथला फरक मायक्रॉनमध्ये मोजायचा. गाडीगणिक व्हॉल्व्ह वेगळा, म्हणजे ड्रॉइंगही वेगळं. शिवाय हा ब्रेकचा भाग आहे. चालवून बघू, बिघडला तर बदलू, असं इथे चालत नाही.

आयसिन हे सगळं एसपीएमवर करत असे, म्हणजे याच एका कामासाठी बांधून घेतलेल्या मशीनवर. एका बाजूने ठोकळा आत गेला की ठरलेल्या क्रमाने ड्रिल, रीमर, टॅप आपापलं काम करून तो दुसऱ्या बाजूने बाहेर. वेग प्रचंड, खर्च कमी, दर्जा एकसारखा. एखादा भाग एकाकडूनच घ्यायचा नाही, दोन पुरवठादार ठेवायचे, ही टोयोटाची नेहमीची रीत. पी-व्हॉल्व्हच्या बाबतीत ती मागे पडली, कारण आयसिनच्या दराला आणि दर्जाला दुसरं कुणी पुरं पडत नव्हतं. कुणी झोपा काढत होतं म्हणून हे झालं नाही. वर्षानुवर्षं प्रत्येक वेळी योग्य वाटणारा निर्णय घेत गेल्यानेच सगळी अंडी एका टोपलीत गेली होती. खरेदी खात्यात काम केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

आगीची वेळही वाईट होती. १ एप्रिल १९९७ पासून जपानमधला उपभोग कर ३ टक्क्यांवरून ५ टक्के होणार होता. कर वाढायच्या आत गाडी घ्यायला लोकांची झुंबड उडाली होती आणि टोयोटाच्या लाइन भरभरून चालल्या होत्या. त्या महिन्यातली प्रत्येक न निघालेली गाडी म्हणजे हातचं गेलेलं गिऱ्हाईक.

साठा ठेवला असता तर?

जस्ट इन टाइमला दोष देण्याआधी हा हिशोब करून बघावा. एसपीएम नव्याने बांधून, बसवून, तिच्यावरून मान्य होणारा माल काढायला महिने लागतात. समजा टोयोटाने सावधगिरी म्हणून दोन महिन्यांचा साठा ठेवायचं ठरवलं असतं. रोजचे ३२,५०० धरले आणि महिन्याला कामाचे वीसच दिवस मोजले, तरी १३ लाख व्हॉल्व्ह झाले. तेही एका प्रकारचे नाहीत. प्रत्येक मॉडेलचे वेगळे. डिझाइन बदललं की त्यातला एक गठ्ठा भंगारात. आणि हा साठा ठेवला कुठे असता? बहुधा आयसिनच्याच आवारात, बनवणाऱ्या शेडला लागून. मग आगीने त्यालाही सोडलं नसतं.

हा एका भागाचा हिशोब. एका मोटारीत सुटे भाग असतात हजारोंनी, आणि पुढची आग कोणत्या भागाच्या शेडला लागेल ते आधी कुणाला कळत नाही. सगळ्याच भागांचा दोन-दोन महिन्यांचा साठा ठेवायचा तर गाड्या विकून मिळणारे पैसे गोदामातच अडकतील. म्हणून ‘साठा ठेवा’ हा सल्ला सरसकट घेता येत नाही. कोणत्या भागाचा ठेवायचा, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर या प्रकरणात पुढे मिळतं.

शनिवार ते बुधवार

आग पूर्ण आटोक्यात यायच्या आधीच आयसिनने आपत्कालीन कक्ष उघडला होता. शेकडो मोबाइल आणि जादा फोनलाइन मागवल्या गेल्या. टोयोटाला कळवलं गेलं. सकाळपासून टोयोटा आणि आयसिन दोघांनी मिळून आपल्या व्हेंडरांना, व्हेंडरांच्या व्हेंडरांना आणि मशीन टूलवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली. मागणी एकच होती: तुमच्याकडे रिकामं होऊ शकेल असं मशीन आहे का, आणि यातला कोणता व्हॉल्व्ह तुम्ही करू शकाल?

ड्रॉइंग फॅक्सने गेली, काही ठिकाणी माणसं घेऊन गेली. पण ड्रॉइंग हातात आलं म्हणजे भाग तयार झाला नाही, हे ज्याने वर्कशॉप चालवलं आहे त्याला सांगायला नको. ड्रॉइंग सांगतं शेवटी काय हवं. कोणत्या बाजूने ठोकळा धरायचा, आधी कोणतं भोक, टूल कुठलं, फीड किती, बर कशी काढायची, हे ड्रॉइंगवर नसतं. आयसिनला ते माहीत होतं, पण स्वतःच्या एसपीएमपुरतं. व्हेंडरांकडे होती साधी मशीनिंग सेंटर, आपण ज्यांना व्हीएमसी म्हणतो तसली. एसपीएमवर एका झटक्यात होणारं काम तिथे चार-पाच सेटअपमध्ये, म्हणजे ठोकळा दर वेळी नव्याने धरून, करावं लागतं. प्रत्येक सेटअपला वेगळं फिक्श्चर, म्हणजे ठोकळा पक्का धरणारी चौकट. ठोकळा एकदा उचलून पुन्हा धरला की आधीच्या भोकाशी नव्या भोकाची जुळणी पुन्हा साधायची. आयसिनच्या इंजिनीअरांनाही याचा अनुभव नव्हता. त्यात आयसिनचे फोन सतत बिझी. अडलेल्या व्हेंडराला आयसिनचा माणूस भेटेना, आणि भेटला तरी त्याच्याकडे उत्तर असेलच असं नाही.

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. व्हेंडर उत्तराची वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी एकमेकांना फोन केले. ज्याचं फिक्श्चर जमलं त्याने दुसऱ्याला सांगितलं, ज्याचं ड्रिल मोडत होतं त्याने विचारलं. डेन्सो ही टोयोटा गटातली सर्वांत मोठी सुटे भाग करणारी कंपनी, मुख्यालय त्याच कारियात. तिने आपली नेहमीची कामं बाहेर आपल्या व्हेंडरांना देऊन स्वतःची मशीन पी-व्हॉल्व्हसाठी मोकळी केली, आणि आपण शोधलेली पद्धत इतरांना दिली. अखेरीस ६२ कंपन्यांनी प्रत्यक्ष व्हॉल्व्ह केले. फिक्श्चर, टूल, कच्चा माल आणि बाजूला सारलेली कामं सांभाळणाऱ्या धरल्या तर दोनशेहून अधिक कंपन्या त्यात उतरल्या. एकच भाग करायच्या किमान सहा निरनिराळ्या पद्धती त्या आठवड्यात तयार झाल्या. हे वरून कुणी आखून दिलेलं नव्हतं. टोयोटाने वाटणी केली, तपासणी आयसिनने आपल्या हाती ठेवली, बाकी प्रत्येकाने आपल्या मशीनला साजेल अशी वाट काढली.

पहिला लॉट आणून दिला तो क्योरित्सु सांग्यो या आयसिनच्याच एका व्हेंडरने. आगीनंतर साधारण साडेतीन दिवसांत, एक हजार व्हॉल्व्ह, तपासणीत पास होणारे. ज्यांनी नव्या भागाचं पहिलं सँपल पास करून घ्यायला आठवडेच्या आठवडे घालवले आहेत त्यांना साडेतीन दिवस म्हणजे काय ते कळेल. त्यात फिक्श्चर करणं आलं, माप तपासायचं गेज मिळवणं आलं, पहिले ठोकळे वाया जाणं आलं, आणि झोप न घेणंही आलं.

ब्रदर इंडस्ट्रीजचं उदाहरण तर मी जाईन तिथे सांगतो. ही नागोयाची कंपनी शिवणयंत्रं आणि टाइपरायटर करणारी. मोटारीच्या भागांशी तिचा संबंध नव्हता. तिने आपलं एक संगणकावर चालणारं मिलिंग मशीन या कामासाठी बदलून घेतलं. त्याला माणसांचे सुमारे ५०० तास लागले, आणि त्यावर दिवसाला जेमतेम ४० व्हॉल्व्ह निघत. रोजच्या ३२,५०० पुढे ४०! खर्चाच्या कोणत्याही तक्त्यात हे बसत नाही. पण अशा अनेक चाळीसांची आणि शंभरांची बेरीज होऊनच लाइन सुरू झाली.

दर कुणीच विचारला नाही

या सगळ्या धावपळीत कुणी कोटेशन मागितलं नाही आणि कुणी दिलं नाही. नफा किती, मशीनचा तास किती रुपयांचा, आमची नेहमीची ऑर्डर उशिरा गेली तर दंड कुणी भरायचा, यातलं काहीही कागदावर आलं नाही. काम आधी झालं.

पैसे नंतर आले, आणि चांगल्या रीतीने आले. आयसिनने व्हेंडरांचा थेट खर्च दिला: मजुरी, मशीन, साहित्य. टोयोटाने स्वतःहून आपल्या सगळ्या टिअर-१, म्हणजे थेट टोयोटाला माल देणाऱ्या, व्हेंडरांना त्यांच्या जानेवारी ते मार्च या तिमाहीतल्या टोयोटाशी झालेल्या विक्रीच्या एक टक्का रक्कम दिली. एकूण सुमारे १,५०० कोटी येन, म्हणजे त्या वेळी चारशे कोटी रुपयांहून अधिक. व्हॉल्व्ह केला त्यालाच दिली असंही नाही; लाइन बंद पडल्यामुळे ज्यांचा माल पडून राहिला त्यांनाही मिळाली. अनेक टिअर-१ कंपन्यांनी त्यातला वाटा स्वतःला माल देणाऱ्या टिअर-२ व्हेंडरांपर्यंत पोचवला.

आता आपल्याकडच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपच्या मालकाच्या जागी बसून हा प्रसंग बघा. मोठ्या गिऱ्हाइकाचा शनिवारी सकाळी फोन येतो: हातातलं काम सोडा, हे ड्रॉइंग घ्या, दराचं नंतर बघू. तो ‘हो’ म्हणेल की नाही, हे त्या फोनवर ठरत नाही. मागच्या दहा वर्षांत त्याची बिलं कशी निघाली, रिजेक्शन आलं तेव्हा त्याच्याशी कसं बोललं गेलं, त्याने खर्च कमी करून दाखवला तेव्हा वाचलेल्या पैशातला काही हिस्सा त्याला मिळाला की पुढच्या वर्षी तेवढाच दर कापला गेला, यावर ते ठरतं.

मग हे जपानी संस्कृतीमुळे झालं का?

मला नाही वाटत. तीन साधी कारणं आहेत आणि तिन्हींत गूढ काही नाही.

पहिलं कारण स्वार्थाचं. टोयोटाची लाइन बंद म्हणजे सीटवाल्याची, काचवाल्याची, वायरिंगवाल्याची, सगळ्यांचीच लाइन बंद. एकही ब्रेकचा भाग न करणाऱ्या व्हेंडरालाही पी-व्हॉल्व्ह लवकर यायला हवा होता.

दुसरं, ही माणसं एकमेकांच्या शेडमध्ये जाऊन आलेली होती. टोयोटाच्या व्हेंडरांची ‘क्योहोकाई’ ही संघटना १९४३ पासूनची. तिच्यात वेगवेगळ्या कंपन्यांचे लोक गट करून एकेका सभासदाच्या कारखान्यात जातात, तिथली एखादी खरी अडचण घेतात आणि मिळून सोडवतात. टोयोटाचे इंजिनीअर व्हेंडरांकडे महिनोन्‌महिने जाऊन बसतात, व्हेंडरांचे इंजिनीअर टोयोटात येऊन काम करतात. त्यामुळे आगीच्या सकाळी कुणाकडे कोणतं मशीन आहे, कुणाचा हात कशावर बसलेला आहे, कुणाला फोन करायचा, हे शोधावं लागलं नाही. आणि सगळे साधारण एकाच भाषेत बोलत होते: तीच कामाची पद्धत, तपासणीचे तेच नियम.

तिसरं कारण भूगोलाचं, आणि ते सहसा सांगितलं जात नाही. कारिया हे टोयोटा गटाचं मूळ गाव. १९२६ साली टोयोडा ऑटोमॅटिक लूम वर्क्स हा यंत्रमागांचा कारखाना तिथेच निघाला आणि त्याच कारखान्याच्या मोटार विभागातून पुढे टोयोटा उभी राहिली. डेन्सो तिथली, आयसिन तिथली, टोयोटा सिटी शेजारी, नागोया हाकेच्या अंतरावर. ठोकळे गाडीत घालून तासा-दीड तासात पोचवता येतात, अडलं तर माणूस स्वतः जाऊन उभा राहतो. हेच व्हेंडर तीन देशांत विखुरलेले असते तर हा आठवडा असा घडला नसता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. यात सक्ती अजिबात नव्हती असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. ज्याची बहुतेक विक्री टोयोटावर अवलंबून आहे तो अशा वेळी नाही म्हणू शकत नाही. छोट्या वर्कशॉपांतल्या कामगारांनी रात्रीचा दिवस केला. इतकं करूनही सुमारे ७० हजार गाड्यांचं उत्पादन त्या वेळी बुडालं, आणि ते भरून काढायला पुढे ओव्हरटाइम करावा लागला. पण नुसत्या सक्तीवर माल वेळेत येतो, पद्धत शेजाऱ्याला सांगितली जात नाही. त्या आठवड्यात ती सांगितली गेली, तीसुद्धा एरवी एकमेकांच्या ऑर्डरवर डोळा ठेवून असणाऱ्यांत.

ही युक्ती कुठे चालत नाही

१६ जुलै २००७ रोजी निइगाता प्रांतात भूकंप झाला. काशिवाझाकी शहरातला रिकेन कंपनीचा कारखाना बंद पडला. रिकेन पिस्टन रिंग करते, आणि जपानच्या जवळपास सगळ्या मोटार कंपन्या तिच्याकडून माल घेत. टोयोटासह बहुतेकांच्या लाइन थांबल्या. या वेळी ड्रॉइंग कुणाला फॅक्स झाली नाहीत. एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या मोटार कंपन्यांनी आपली शेकडो माणसं रिकेनच्या शेडमध्ये पाठवली. त्यांनी सरकलेली मशीन उचलून जागेवर बसवली आणि आठवड्याभरात कारखाना सुरू करून दिला. पिस्टन रिंगचं धातुकाम आणि कोटिंग शेजारच्या वर्कशॉपात उचलून नेता येत नाही. तेव्हा भाग माणसांकडे नेण्याऐवजी माणसं भागाकडे नेली.

११ मार्च २०११ च्या महाभूकंपात याच्याही पुढची मर्यादा दिसली. इबाराकी प्रांतातला रेनेसासचा नाका इथला चिप कारखाना बंद पडला. मोटारीच्या इंजिनापासून ब्रेकपर्यंत सगळीकडे लागणारे मायक्रोकंट्रोलर तिथे बनत. मोटार कंपन्यांनी इथेही रोज शेकड्यांनी माणसं पाठवली, तरी चिप निघायला पुन्हा सुरुवात व्हायला जून उजाडला. एका चिपचं काम पुरं व्हायलाच महिने लागतात. त्यात रात्रंदिवस राबून वाचणारे दिवस थोडेच.

टोयोटाला त्या वेळी आणखी एक गोष्ट कळली, आणि ती जास्त बोचणारी होती. १९९७ नंतर एकाच पुरवठादारावर अवलंबून असलेल्या भागांकडे लक्ष गेलं होतं, पण ते मुख्यतः टिअर-१ पर्यंत. दोन वेगळ्या टिअर-१ कंपन्यांकडून घेतलेला भाग खाली उतरत गेल्यावर एकाच चिपवाल्याकडे पोचतो, हे दिसत नव्हतं. वरून पिरॅमिड वाटलेली साखळी तळाशी पुन्हा निमुळती होत होती. त्यानंतर टोयोटाने व्हेंडरांच्या व्हेंडरांचा पत्ता लावणारा ‘रेस्क्यू’ नावाचा डेटाबेस उभा केला, आणि चिपसारख्या भागांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा व्हेंडरांकडे ठेवून घेतला. जस्ट इन टाइमच्या माहेरघरात!

मला यात विसंगती दिसत नाही. ‘हे शेड उद्या जळालं तर हाच भाग आणखी कोण, किती दिवसांत करू शकेल?’ हा प्रश्न प्रत्येक भागाला विचारायचा. उत्तर ‘पंधरा वर्कशॉप, आठवड्याभरात’ असेल तर साठ्यात पैसे अडकवू नका, त्या पंधरांशी नातं ठेवा. उत्तर ‘कुणीही नाही, सहा महिने’ असेल तर साठा ठेवा, कितीही खर्च आला तरी. २०२१ च्या चिपटंचाईत इतर कंपन्यांच्या लाइन आधी बंद पडल्या आणि टोयोटा काही महिने तगली ती या साठ्यावर. तोही शेवटी अपुरा पडला; त्या सप्टेंबरात जगभरचं नियोजित उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी कमी करायची वेळ टोयोटावर आली. पण ती आली इतरांच्या बऱ्याच नंतर.

भोसरी, चाकण, वाळूज

हे प्रकरण आपण दूरचं म्हणून वाचू नये. आग लागली त्याच वर्षी, ऑक्टोबर १९९७ मध्ये, टोयोटा किर्लोस्कर मोटर ही भागीदारी कंपनी स्थापन झाली आणि बंगळुरूजवळ बिडदीला तिचा कारखाना आला. ३१ जुलै २०२४ रोजी याच कंपनीने छत्रपती संभाजीनगरला सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या नव्या प्रकल्पासाठी महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला. जागा बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यातली. वाळूजला बजाज ऑटोच्या आधाराने वाढलेली व्हेंडरांची वस्ती तिथून फार लांब नाही.

कारियाच्या आसपास जे होतं त्यातलं बरंच आपल्याकडेही आहे. भोसरी एमआयडीसीत एका गल्लीत टर्निंगवाला, त्याच्या समोर ग्राइंडिंगवाला, कोपऱ्यावर हीट ट्रीटमेंट, मागच्या गाळ्यात प्लेटिंग. एका वर्कशॉपचा रीमर मोडला तर शेजारच्याकडून मागून आणून रात्रीचा लॉट पूर्ण होतो. हे तिथे रोज चालतं. हात आहेत, मशीन आहेत, अंतर कमी आहे, एकमेकांना विचारायची सवयही आहे. ब्रदरने ५०० तास घालून केलं तसं काम करू शकणारे कारागीर चाकण-भोसरीत नक्की सापडतील.

कमी आहे ते वरच्या टोकाकडून येणारं. आपल्याकडे जस्ट इन टाइमच्या नावाखाली बऱ्याचदा इतकंच झालं की कंपनीच्या गोदामातला साठा व्हेंडरच्या गोदामात गेला. शेड्यूल आदल्या संध्याकाळी बदलतं, लाइन थांबली की डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी, येते, म्हणून व्हेंडर गपचूप पंधरा दिवसांचा माल करून ठेवतो आणि त्याचं व्याज स्वतः भरतो. दर ठरतात उलट्या लिलावात, सगळ्यांत कमी बोली लावणाऱ्याला काम. ज्याला पुढच्या वर्षी काम राहील याची खात्री नाही, तो आपली युक्ती शेजाऱ्याला कशाला सांगेल?

बिलांचं तर कायद्यात लिहावं लागलं. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत. तरी ते थकत राहिले, म्हणून आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं: मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च वजावटीला धरता येणार नाही. या कलमाची एक उलटी बाजू मला काळजीची वाटते. मुदत पाळायला लागू नये म्हणून छोट्या नोंदणीकृत व्हेंडरऐवजी मध्यम आकाराच्या व्हेंडरकडे काम वळवायचा मोह खरेदी खात्याला होतो. तसं होत गेलं तर आगीच्या सकाळी फोन करायची यादीच आखूड होत जाईल.

ज्यांच्या हातात खरेदी आहे त्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या पुरवठादारांच्या यादीतले एकाच ठिकाणाहून येणारे भाग काढा आणि प्रत्येकापुढे वरच्या प्रश्नाचं उत्तर लिहा. उत्तर खुर्चीत बसून लिहू नका. त्या शेडमध्ये जा, शेजारच्या दोन-तीन शेडमध्येही जा. कुणाच्या मशीनवर तो ठोकळा बसेल, फिक्श्चर कोण करून देईल, गेज कुठून येईल, हे तिथल्या माणसांना विचारा. ते सांगतील. आणि परत येताना त्यांचं जुनं बिल कुठल्या टेबलावर अडलं आहे, तेही विचारून या.